शिवणीतली माया

जुन्या सुटांचा संग्रह करणाऱ्या मंडळींत आज एक मत जवळजवळ प्रमाण मानले जाते. सूट जसा हाती आला तसाच ठेवावा. त्याला सुई लावू नये, तो उसवू नये, सैल किंवा घट्ट करू नये आणि अंगात तर मुळीच घालू नये. ज्याला कुणाचा हात लागला नाही तो अस्सल. दुरुस्त झाला तो बाटला. विक्रीच्या यादीत ‘मूळ स्थितीत’ एवढे दोन शब्द असले की किंमत चढते, आणि ‘आसनाला रफू’, ‘बाही लांब केलेली’ असे लिहिलेले असले की उतरते. मीही सुरुवातीची काही वर्षे हे मत निष्ठेने पाळले. आज ते मला अमान्य आहे, आणि का अमान्य आहे हे सविस्तर मांडण्यासाठीच हा लेख.

पूर्वपक्ष पोकळ नाही, म्हणून तो आधी त्याच्या पूर्ण बळासह मांडतो. शिवलेला कपडा हा दस्तऐवज आहे. काजाचा टाका कसा घातला, दोरा रेशमी की सुती, कॉलरच्या आत कोणते कापड, खांद्याला भर किती, यावरून तो केव्हाचा आणि कोणत्या हाताचा हे ओळखता येते. एकदा उसवला की हा पुरावा गेला. पुन्हा शिवला तरी ती शिवण आजची. तिला जुन्याची साक्ष देता येत नाही. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेच्या वस्त्रसमितीची भूमिका तर याहून स्पष्ट आहे: ऐतिहासिक वस्त्र कुणीही अंगात घालू नये. मे २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट गालाला किम कार्डाशियन मेरिलिन मन्रोचा १९६२ सालचा झगा घालून गेली तेव्हा या समितीने जाहीर नाराजी व्यक्त केली. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या वाढदिवसाच्या समारंभात मन्रोने घातलेला तो झगा म्हणजे झिरझिरीत रेशीम आणि त्यावर हाताने टाकलेले खडे. त्या प्रसंगी समितीचेच बरोबर होते, यात मला शंका नाही. पण तेव्हापासून हे सूत्र जुन्या कपड्यांच्या सगळ्या जगाला सरसकट लावले जाऊ लागले.

या मताला तत्त्वज्ञानाची बैठकही आहे. जॉन रस्किनने १८४९ मध्ये ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात इमारतींच्या जीर्णोद्धारावर कडाडून हल्ला चढवला. जीर्णोद्धार म्हणजे वास्तूचा सर्वनाश, असे त्याचे म्हणणे. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली तीही याच भावनेतून. कारण त्या काळी इंग्लंडमधली चर्चेस खरवडून, घासूनपुसून ‘मुळासारखी’ करण्याची लाट आली होती. वास्तूसाठी उभा राहिलेला हा विचार पुढे चित्रांना, मग लाकडी सामानाला आणि आता कोट-पँटला येऊन चिकटला आहे.

इथेच माझा पहिला आक्षेप आहे. दगडी भिंत आणि शिवलेला कोट या दोन वेगळ्या जातीच्या वस्तू आहेत, आणि हे कळायला कोट आतून पाहावा लागतो.

लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या रस्त्यावर शिवलेला १९३०च्या दशकातला एखादा लोकरी सूट घ्या आणि पाठीच्या मधल्या शिवणीवरचे अस्तर हलक्या हाताने सोडवा. शिवणीच्या दोन्ही अंगांना जादा कापड दुमडून ठेवलेले दिसेल. तसेच ते बगलेखाली असते, बाहीच्या तोंडाशी असते, पँटच्या कंबरेला आणि आसनात असते. आसनात तर चांगल्या कामात एका बाजूला इंच-दीड इंचसुद्धा सापडते. या जादा कापडाला आपले शिंपी ‘माया’ म्हणतात. मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. इंग्रजीतला ‘इनले’ हा शब्द फक्त कापड कुठे आहे ते सांगतो. मराठी शब्द ते कशासाठी ठेवले ते सांगतो. कापणाऱ्या मास्तरला ठाऊक असते की आज समोर उभा असलेला तिशीचा माणूस पन्नाशीत असाच राहणार नाही. त्याचे पोट सुटेल, खांदे पुढे झुकतील, किंवा हा सूट उद्या त्याचा मुलगा घालेल आणि तो बापापेक्षा दोन बोटे उंच असेल. कापड महाग होते. ते कापून फेकण्याऐवजी आत दुमडून ठेवणे म्हणजे त्या पुढच्या दिवसांची सोय शिवणीतच करून ठेवणे.

मग ‘मूळ स्थिती’ कोणती म्हणायची? शिंप्याने तो सूट पुढे उसवला जाईल हे धरूनच शिवला होता. पुढच्या बदलाची तरतूद हा त्याच्या मूळ आराखड्याचा भाग आहे. ती तरतूद कधीच वापरू नका असे सांगणारा माणूस मूळ हेतूचे रक्षण करत नाही, तो मूळ हेतू अर्ध्यावर थांबवतो.

याच्याही मागे जाता येते. मापाचा सूट जन्मालाच उसवत-शिवत येतो. पहिल्या ट्रायलला तो पांढऱ्या कच्च्या टाक्यांवर उभा असतो. माणसाच्या अंगावर तो पाहून मास्तर खडूने खुणा करतो आणि मग सगळा कोट सुटा करून कापडाचे तुकडे पुन्हा टेबलावर सपाट मांडतो. दुसऱ्या ट्रायलला पुन्हा तेच, कधी तिसऱ्यालाही. छातीच्या आत घोड्याच्या केसांचा कॅनव्हास असतो, तो शेकडो सैल टाक्यांनी कापडाला धरलेला असतो, म्हणजे दोन्ही थर एकमेकांवर सरकू शकतात आणि लॅपल कागदासारखी दुमडत नाही, वळते. सॅव्हिल रोची संघटना अशा सुटाला हाताचे किमान ५० तास काम अपेक्षित धरते. हे पन्नास तास बहुतांशी अशा टाक्यांत जातात की जे पुन्हा काढता येतात. कायमचे काही जोडायचे असते तर डिंक स्वस्त पडला असता. आणि पुढे तसेच झाले: दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दोन दशकांत कॅनव्हास चिकटवून कोट करण्याची पद्धत कारखान्यांत रुळली. असा कोट ड्रायक्लीनिंगमध्ये बिघडला की छातीवर फोड आल्यासारखे कापड सुटते आणि त्याला इलाज राहत नाही. जो दुरुस्त होऊच शकत नाही असा सूट कोणत्या काळापासून सुरू झाला, ते इथे दिसते. त्याआधीच्या सुटांना त्याचे नियम लावणे हा इतिहासावर अन्याय आहे.

आता ‘दुरुस्ती पुरावा नष्ट करते’ या मुद्द्याकडे येतो, कारण तोच पूर्वपक्षाचा कणा आहे. मी उलट म्हणतो: अनेकदा दुरुस्ती हाच सर्वांत बोलका पुरावा असतो.

ब्रिटनमध्ये १ जून १९४१ रोजी कपड्यांचे रेशनिंग सुरू झाले. पहिल्या वर्षी माणशी ६६ कुपने मिळाली. लोकरी कोटाला १३, पँटला ८ आणि वेस्टकोटला ५, म्हणजे तीन कपड्यांच्या एका सुटाला २६ कुपने जात. १९४२ मध्ये शिवणकामावरही निर्बंध आले. डबल-ब्रेस्टेड कोट बंद, पँटच्या तळाला उलटी दुमड बंद, खिशांची संख्या ठरलेली. दुमड बंद झाल्याचा पुरुषांना इतका राग आला की अनेकांनी मुद्दाम लांब पँट विकत घेऊन घरी दुमडून शिवून घेतली. मंत्री ह्यू डाल्टन यांना त्यावरून कापडाच्या बचतीचे समर्थन करत बसावे लागले. १९४४च्या आरंभी पुरुषांच्या सुटांवरचे हे निर्बंध सैल झाले. रेशनिंग मात्र मार्च १९४९पर्यंत चालले. १९४३ मध्ये सरकारने ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिकाच काढली. आहे त्याची डागडुजी करा, आहे त्यातूनच नवे काढा, असा तिचा उपदेश. घरातला पुरुष सैन्यात गेला असेल तर त्याच्या सुटातून बाईचा जाकीट-स्कर्ट कसा काढावा, हेही त्या काळच्या सरकारी पत्रकांत सांगितलेले असे.

या काळातला एखादा सूट हाती आला आणि पँटच्या तळाशी कारखान्याच्या टाक्याशी न जुळणारी घरगुती दुमड दिसली, तर ती दोष म्हणून नोंदवायची की त्या वर्षांची सही म्हणून? आणखी एक उदाहरण देतो, कारण ते मला सर्वांत प्रिय आहे. पूर्वी कापड बाहेरून झिजले, चकाकू लागले की कोट ‘उलटवत’. सगळा कोट उसवून, कापडाची आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवायचा. आपल्याकडेही जाड कापडाचे कोट असे उलटवून घेणारी घरे होती. उलटवलेला पुरुषी कोट ओळखण्याची खूण साधी आहे: छातीवरचा खिसा डावीकडे असतो तो उजवीकडे जातो. काजांची बाजूही बदलते. जुनी काजे बारीक रफू करून बुजवलेली असतात आणि उजेडासमोर धरले की दिसतात. मूळ स्थितीच्या उपासकांच्या लेखी असा कोट कवडीमोल. मला तो संग्रहातला राजा वाटतो. एक कापड दोनदा जगले, एका कारागिराने ते पूर्ण सुटे करून पुन्हा उभे केले, आणि घालणाऱ्याने तो उजव्या खिशाचा कोट न लाजता वापरला, हे सगळे त्या एका वस्तूत लिहिलेले आहे. हात न लागलेल्या सुटात यातले काय सापडते? बहुधा एवढेच, की तो कुणाला नीट बसला नाही.

ज्यांच्याकडे नवा सूट शिवण्याची ऐपत नाही तेच दुरुस्ती करतात, असेही कुणी म्हणू नये. पाचव्या जॉर्जचा एक टार्टन सूट त्याच्या मुलाकडे, म्हणजे पुढे ड्यूक ऑफ विंडसर झालेल्या आठव्या एडवर्डकडे आला. त्याने तो स्वतःसाठी दुरुस्त करून घेतला आणि बटणांच्या जागी चेन बसवली. पोशाखाच्या बाबतीत विसाव्या शतकात ज्याचे अनुकरण सर्वाधिक झाले त्या माणसाने बापाच्या सुटाला हात लावायला मागेपुढे पाहिले नाही. आज कुणी तो सूट उघडला तर बटणांचा काळ आणि चेनचा काळ असे दोन्ही थर त्यात शेजारी शेजारी वाचता येतात. ब्रिटनचे आताचे राजे चार्ल्स यांनी मे २०१८ मध्ये धाकट्या मुलाच्या लग्नात घातलेला मॉर्निंग कोट १९८४ सालचा होता, आणि त्यांच्या कोटांना लावलेली ठिगळे छायाचित्रांत स्पष्ट दिसतात. ज्या परंपरेचे हे सूट आहेत, त्या परंपरेच्या आतल्या माणसांनी त्यांच्याशी कसे वागावे याचा निकाल केव्हाच दिलेला आहे. मूळ स्थितीचा आग्रह बाहेरून, बाजारातून आला.

बरे, हात न लावता ठेवलेला सूट निदान टिकतो का? टिकत नाही. लोकर म्हणजे केराटिन, आणि कसरीच्या अळीला तेच पचते. उडणारा फिकट सोनेरी पतंग काही खात नाही. त्याला तोंडच त्या कामाचे नसते. खाते ती अळी, आणि तिला अंधार, शांतता आणि घामाने किंवा अन्नाने डागळलेले कापड हवे असते. वर्षानुवर्षे न उघडलेली ट्रंक ही तिच्यासाठी आदर्श जागा. डांबरगोळ्यांचा वास आला म्हणजे काम झाले असे आपण समजतो, पण त्यांची वाफ हवाबंद जागेत कोंडली तरच उपयोग होतो. महाराष्ट्रातल्या घरांत याच्या जोडीला पावसाळा आहे. कोकणात किंवा मुंबईत चार महिने बंद राहिलेल्या लोकरी कोटाच्या कॉलरखाली पांढरट बुरशी धरते. जो सूट महिन्या-दोन महिन्यांनी बाहेर निघतो, ब्रशने झाडला जातो, अंगावर चढतो, वाऱ्यावर टांगला जातो, तो वाचतो. लोकरीचा धागा कुरळा आणि लवचीक असल्याने घातल्यावर पडलेल्या सुरकुत्या एक-दोन दिवसांच्या विश्रांतीने बऱ्याचशा आपोआप निघतात. त्या काळचे सुटाचे कापड यार्डाला १४ ते १८ औंसांचे असायचे. आजचे ८ ते १० औंसांचे असते. ते जुने जाड कापड मन्रोच्या रेशमी झग्याइतके नाजूक नसते. दोन्हींना एकच नियम लावणे म्हणजे काचेच्या बांगडीची काळजी तांब्याच्या घागरीला सांगणे.

आणि ज्या रस्किन-मॉरिसच्या नावाने हा आग्रह धरला जातो, त्यांनी दुर्लक्षाची शिकवण कधी दिली? रस्किनचे म्हणणे असे की इमारतीची वेळेवर काळजी घेतली तर जीर्णोद्धाराची पाळीच येणार नाही. मॉरिसच्या संस्थेच्या जाहीरनाम्यात रोजच्या देखभालीने पडझड थोपवण्याचाच आग्रह आहे. गळके छप्पर वेळेत शाकारा, हे सांगणाऱ्या माणसांच्या तोंडी ‘कोपर फाटले तरी टाका घालू नका’ हे वाक्य घालणे अन्यायाचे आहे.

दुरुस्ती न झालेल्या सुटांचे शेवटी काय होते तेही पाहावे. संग्रहालयात जातात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आपल्याकडे आजोबांचा सूट बोहारणीच्या टोपलीत जातो आणि बदल्यात स्टीलचे पातेले येते. युरोप-अमेरिकेतले टाकलेले लोकरी कोट गठ्ठ्यांनी जहाजावर चढतात आणि हरियाणातल्या पानिपतला पोहोचतात. पुन्हा कपडा म्हणून विकले जाऊ नयेत म्हणून त्यांना आधीच चिरा दिलेल्या असतात. तिथे बायका बटणे, अस्तरे, चेन कापून वेगळ्या करतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात, आणि यंत्रे त्या कापडाचा पिंजून पुन्हा धागा करतात. त्यातून घोंगड्या होतात. ही विद्या १८१३ मध्ये यॉर्कशरच्या बॅटली गावी बेंजामिन लॉने काढली, आणि तीही मोठीच विद्या आहे. थंडीत कुडकुडणाऱ्याला घोंगडी मिळते. पण ज्या कोटाला एक नवे अस्तर आणि आसनात अर्धा इंच माया सोडण्याची गरज होती, त्याने तिथे जायचे काहीच कारण नव्हते. ‘हात लावू नका’ या मताचा परिणाम व्यवहारात संग्रहालय भरण्यात होत नाही. तो हे ढीग वाढण्यात होतो, कारण जो सूट घालता येणार नाही तो घरात ठेवायला कुणी तयार नसते.

पूर्वपक्षाचे एक म्हणणे मात्र मी पूर्णपणे मान्य करतो: वाईट दुरुस्ती ही नासधूसच आहे. एका शिंप्याकडे मी ट्वीडचा एक कोट फक्त बगलेखाली सैल करायला दिला होता. त्याने तो सैल केला, आणि शिवणी जाड वाटतात म्हणून उरलेली माया कात्रीने सपाट करून ओव्हरलॉक मारला. साठ-सत्तर वर्षे तीन-चार माणसांच्या हातांतून सुखरूप आलेली तरतूद त्या एका दुपारी संपली. तो कोट पुढे कुणालाही सैल करता येणार नाही. मी अजून तो पाहतो तेव्हा वाईट वाटते. पण या घटनेने माझे मत उलट पक्के झाले, कारण नुकसान उसवण्याने झाले नव्हते. माया कापण्याने झाले.

म्हणून माझा सिद्धान्त दुरुस्तीच्या बाजूचा असला तरी मोकाट नाही. जे पुन्हा काढता येईल तेच करावे. टाका चालेल, चिकटपट्टी चालणार नाही. नवा दोरा जुन्या कापडापेक्षा किंचित कमी ताकदीचा असावा, म्हणजे ताण आला तर दोरा तुटेल, कापड फाटणार नाही. भोकावर रफू करायला धागा बाहेरून आणू नये. तो त्याच कोटाच्या मायेतून, आतल्या बाजूने काढावा, म्हणजे रंग आणि झीज दोन्ही जुळतात. नजीबाबादचे रफूगर पिढ्यान्‌पिढ्या शालींवर जे काम करतात त्याचा सगळा प्राण या धागा निवडण्यात आहे. काढलेले मूळ बटण, अस्तराचा तुकडा, पाकिटात घालून त्याच कोटाच्या खिशात ठेवावा. काय केले, केव्हा केले, कुणी केले ते एका कागदावर लिहून ठेवावे. आणि पाटीला हात लावू नये. सॅव्हिल रोच्या कोटात आतल्या खिशाच्या आत लावलेल्या पाटीवर गिऱ्हाइकाचे नाव आणि तारीख असते. अमेरिकन कोटात कामगार संघटनेची पाटी असते आणि तिच्यावरच्या १९३६, १९३९, १९४९ किंवा १९६२ या सालावरून तो कोट कोणत्या टप्प्यातला ते कळते. पाटी बदलणारा माणूस दुरुस्ती करत नाही, खोटेपणा करतो. एवढे पाळले की दुरुस्ती पुरावा पुसत नाही, त्यात भर घालते.

आणि काही वस्त्रे या सगळ्याच्या बाहेर आहेत. नागपूरजवळच्या चिचोलीच्या शांतिवनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कपडे जतन केलेले आहेत. पुण्यातही त्यांच्या वापरातल्या वस्तूंचे संग्रहालय आहे. अंगावर काय घालायचे हे जातीने ठरवायचे अशा समाजात, महाडला १९२७ मध्ये बायकांना पोशाख बदलायला सांगणाऱ्या या माणसाने सूट अंगावर चढवला, त्यात विलायतेच्या अनुकरणापेक्षा कितीतरी मोठी गोष्ट होती. त्या कोटाचे मोल तो कुणी घातला यात आहे. तो दुसऱ्या कुणाच्या अंगावर चढण्याचा प्रश्नच येत नाही, आणि तिथे संग्रहालयाचा नियम अक्षरशः पाळला पाहिजे. पण त्या कपड्यांनाही कसरीपासून आणि दमटपणापासून वाचवायला तज्ज्ञांचा हात लागतोच. नुसते काचेआड ठेवून भागत नाही. असा कोट लाखांत एखादा. उरलेल्यांचे मोल त्यांच्या कापडात, बेतात आणि टाक्यात आहे, आणि ते घातल्यावाचून कळत नाही.

तुमच्या घरी माळ्यावरच्या ट्रंकेत असा एखादा सूट असेल तर पावसाळ्याआधी तो बाहेर काढा. उन्हाच्या तिरिपेत कॉलर उलटून पाहा, खिसे बाहेर काढून झाडा, आतली पाटी वाचून नाव आणि साल लिहून घ्या. कसर दिसली तर प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा आणि मग पिशवी न उघडता सावकाश बाहेरच्या हवेवर येऊ द्या. नंतर अंगात घालून पाहा. बसत नसेल तर हाताने काम करणारा वयस्क शिंपी शोधा, त्याच्यासमोर बसून काय करायचे ते ठरवा, आणि निघण्यापूर्वी त्याला एवढे नक्की सांगा: हवे तेवढे उसवा, पण माया कापू नका.